तबकडी मुकी का झाली?

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील लोखंडी कपाटाच्या अगदी तळच्या कप्प्यात जुन्या स्नेहसंमेलनांच्या वीस-बावीस डीव्हीडी पडून होत्या. गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वी मुख्याध्यापकांनी आमच्या संगणक मंडळावर एक कामगिरी सोपविली. या तबकड्यांतून निवडक प्रसंग वेचून वीस मिनिटांचा एक बोलपट तयार करावा आणि तो यंदाच्या संमेलनात दाखवावा, एवढेच ते काम. तबकडी घालावी, फाईल उचलावी, संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावी आणि कात्री चालवावी! आठ दिवसांत काम हातावेगळे करू, असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगून आलो. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत आम्ही जे शिकलो, ते येथे लिहून ठेवीत आहोत. अशा तबकड्या आज बहुतेक घरांत आहेत. कुणाकडे थोरल्या बहिणीच्या लग्नाची आहे, कुणाकडे आजोबांच्या पंच्याहत्तरीची.

आमचा जीव विशेषेकरून अडकला होता तो २००८ सालच्या तबकडीत. त्या वर्षी मुलींनी ‘संगीत सौभद्रा’तील एक प्रवेश बसविला होता. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. तेव्हा सौभद्राविषयी आमच्या शाळेला थोडा घरचा अभिमान आहेच. तर त्या दिवशी सुभद्रा झालेल्या मुलीचा घसा ऐनवेळी बसला, आणि पेटीवर साथीला बसलेल्या संगीताच्या बाईंनी बसल्या जागेवरून तिचे पद स्वतः गाऊन वेळ निभावून नेली. बाई २०१६ साली निवर्तल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना गाणे शिकविणाऱ्या बाईंचे स्वतःचे गाणे त्यांच्या घरी कोठेही मुद्रित झालेले नाही, असे त्यांच्या चिरंजीवांकडून कळले. चित्रीकरण करणाऱ्या छायाचित्रकारांकडे चौकशी केली, तर मूळची मिनी-डीव्ही टेप पुसून ती पुढच्याच महिन्यात एका लग्नाला वापरल्याचे त्यांनी सांगितले. त्यांचा त्यात काही दोष नाही. टेप पुन्हा वापरणे हा त्या धंद्यातील रिवाजच होता. म्हणजे बाईंचा आवाज उरला तो या एका तबकडीवर.

आमच्या नव्या संगणकांना तबकडीचा कप्पाच नाही. तेव्हा बाहेरून जोडण्याचा एक ड्राइव्ह उसना आणला. तबकडी फिरू लागली आणि पडद्यावर दोन फोल्डर दिसले. एकाचे नाव ‘ऑडिओ टीएस’, दुसऱ्याचे ‘व्हिडिओ टीएस’. पहिला उघडला, तर तो रिकामा! आमच्यातील नववीच्या एका मुलीचा चेहरा एकदम उतरला. “आवाजच गेला की हो सर!” ती म्हणाली, आणि खरे सांगायचे तर क्षणभर आम्हांसही तसेच वाटले. परंतु तो फोल्डर रिकामाच असावयाचा असतो. डीव्हीडी-ऑडिओ नावाचा जो निराळा प्रकार निघाला होता, त्याच्यासाठी राखून ठेवलेली ती जागा. आपल्या नेहमीच्या डीव्हीडीत चित्र आणि आवाज दोन्ही दुसऱ्याच फोल्डरात एकत्र नांदतात.

त्या दुसऱ्या फोल्डरात तीन तऱ्हेच्या फायली असतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘आयएफओ’ असते, त्या अनुक्रमणिका. कोणता कार्यक्रम कोठून सुरू होतो, कोठे संपतो, कोणते प्रकरण कोणत्या क्रमाने दाखवावयाचे, हे त्यांत नोंदलेले असते. ‘बीयूपी’ म्हणजे त्याच अनुक्रमणिकेची जपून ठेवलेली दुसरी प्रत. आणि ‘व्हीओबी’ या खऱ्या ऐवजाच्या फायली. आम्ही अर्थातच पहिली दिसली ती व्हीओबी उचलून संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. पडद्यावर कमळाचे एक चित्र, त्याखाली ‘येथे दाबा’ अशी अक्षरे आणि पुनःपुन्हा वाजणारी सनईची एकच ओळ! ज्या व्हीओबीच्या नावात शेवटी शून्य असते, ती केवळ सुरुवातीच्या निवडसूचीची फाईल असते, हे आम्हांस मागाहून कळले. कार्यक्रम हवा असेल तर एक, दोन, तीन अशा आकड्यांच्या फायली पाहाव्यात.

मग एक आकड्याची फाईल घेतली. सॉफ्टवेअरने ती घेण्यास साफ नकार दिला. दहावीतील एका विद्यार्थ्याने कोठेतरी ऐकलेली युक्ती केली. फाईलच्या नावातील ‘व्हीओबी’ पुसून त्याने ‘एमपीजी’ लिहिले, आणि आश्चर्य म्हणजे दार उघडले. या युक्तीत जादू नाही. व्हीओबी ही मूळचीच एमपीईजी जातीची; केवळ अंगरखा निराळा. पुष्कळ सॉफ्टवेअर आत डोकावण्यापूर्वी नाव पाहूनच पाहुण्याला परत पाठवितात, म्हणून नाव बदलल्यावर आत घेतात. पडद्यावर रंगमंच दिसला, मुली दिसल्या, पेटीवर बसलेल्या बाई दिसल्या. पुढे दोन आकड्याच्या फाईलवर गेलो, तर बाईंचे ओठ हलू लागले, भात्यावरचा हात हलू लागला. परंतु आवाज नाही. एक शब्द नाही, एक स्वर नाही. त्या दुपारी संगणककक्षात कोणी फारसे बोलले नाही.

हीच तबकडी ‘व्हीएलसी’ या फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर लावली, तर मात्र बाई स्वच्छ गात होत्या. हे पाहिल्यावर आमच्या जिवात जीव आला, आणि वाचकांनीही ही परीक्षा सर्वांत आधी करावी. प्लेअरवर आवाज आहे व संकलनात नाही, याचा अर्थ तबकडी धड आहे. अडचण समजून घेणाऱ्याची आहे. व्हीएलसीमध्येच चालू फाईलच्या ‘कोडेक’ची माहिती पाहण्याची सोय आहे. तेथे चित्रापुढे एमपीईजी-२ लिहिले होते आणि आवाजापुढे ‘ए-५२’. हे ए-५२ म्हणजे डॉल्बी कंपनीच्या एसी-३ या ध्वनिपद्धतीचेच दुसरे नाव. आमचे सॉफ्टवेअर चित्राची भाषा जाणत होते, आवाजाची जाणत नव्हते. एखाद्या गृहस्थास मोडी वाचता यावी परंतु कानडी येऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

आता, इतकी प्रसिद्ध पद्धत सॉफ्टवेअरला का येऊ नये? येथे पैशाचा प्रश्न येतो. एमपीईजी-२ आणि एसी-३ या दोन्ही पद्धतींवर अनेक वर्षे पेटंटे होती, आणि ज्या कंपनीने त्या वाचण्याची सोय द्यावी, तिला प्रत्येक प्रतीमागे मोबदला भरावा लागे. अमेरिकेत एसी-३ची पेटंटे २०१७ साली आणि एमपीईजी-२ची २०१८ साली संपली. परंतु तोपर्यंत पुष्कळांनी डीव्हीडीकडे पाठ फिरविलेली होती. २०१२ साली निघालेल्या विंडोज ८ मधूनच डीव्हीडी दाखविण्याची सोय मूळ संचातून वगळली गेली होती. म्हणजे तबकडी मुकी झालेली नसते. ऐकणारेच तिची भाषा विसरत चालले आहेत.

परंतु आवाज मिळाला म्हणून सर्व मिळाले असे नव्हे. मुळात डीव्हीडी ही पाहण्यासाठी केलेली वस्तू आहे, कापण्याजोडण्यासाठी नव्हे. आणि हे एकदा नीट समजले की बाकीच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. थोडा हिशेब करू. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीत प्रत्येक चित्र ७२० बिंदू रुंद व ५७६ ओळी उंच असते. म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० बिंदू. अशी चित्रे सेकंदाला २५. रंगाचा तपशील निम्म्याहून कमी करूनही हे सारे जसेच्या तसे लिहावयाचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे दीड कोटी बाइट लागतात. एकपदरी तबकडीत मावतात ४७० कोटी बाइट. म्हणजे जेमतेम पाच मिनिटांत तबकडी भरून गेली! आमच्या संमेलनाची तबकडी दीड तासाची आहे. हे कसे साधले असेल?

आपला हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. समजा, एखाद्या गुरुजींनी सोमवारी साठही मुलांची नावे लिहून हजेरी घेतली. मंगळवारी त्यांनी एवढेच लिहिले: ‘कालच्याप्रमाणे, मात्र अमुक गैरहजर.’ बुधवारी पुन्हा तसेच. कागद किती वाचला! डीव्हीडीतील चित्रांचे असेच असते. दहा-पंधरा चित्रांच्या गटात एकच चित्र संपूर्ण लिहिलेले असते. उरलेल्यांत केवळ ‘मागच्याप्रमाणे, एवढा फरक’ अशी नोंद. आणि त्यांतील काही चित्रे तर इतकी आळशी असतात की ती मागच्या चित्राकडेही बोट दाखवितात आणि पुढच्याकडेही. पाहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण प्लेअर पहिल्यापासून क्रमाने वाचीत जातो. परंतु संकलकाला बुधवारचेच पान हवे असते! ते एक चित्र दाखविण्यासाठी सॉफ्टवेअरला सोमवारपर्यंत मागे धावावे लागते. म्हणून डीव्हीडीची फाईल सरळ संकलनात घेतली की संगणक अडखळतो, चित्र गोठते, कात्री एका जागी लावावी तर काप दुसरीकडे पडतो. आमच्या शहापूर-वडगावच्या विणकरांना विचारा. मागावर विणलेल्या कापडाला मधेच कात्री लावली तर धागे सुटल्यावाचून राहत नाहीत. छायाचित्रकारांच्या त्या मिनी-डीव्ही टेपवर प्रत्येक चित्र स्वतंत्र असे, म्हणून तासाला सुमारे तेरा अब्ज बाइट खर्ची पडत. आणि म्हणूनच ती संकलनाला सोयीची असे. ती पुसली गेली, याचे वाईट वाटते ते यासाठीही.

आमच्या पुढच्या संकटाचे मूळही याच विणीत होते. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एकही व्हीओबी फाईल एक गिगाबाइटच्या वर जाऊ शकत नाही. कार्यक्रम मोठा असला की त्याचे तेवढ्या-तेवढ्याचे तुकडे पडतात. आमच्या तबकडीत असे पाच तुकडे होते, प्रत्येक सुमारे एकवीस मिनिटांचा व शेवटचा थोडा लहान. हे तुकडे करताना कोणी प्रवेश संपला की नाही हे पाहत नाही. माप भरले की सुरी चालते. बाईंचे पद नेमके दुसऱ्या व तिसऱ्या तुकड्याच्या सांध्यावर आले होते. दोन्ही फायली वेगवेगळ्या आणून शेजारी ठेवल्या, तर सांध्यावर चित्राचे चौकोनी ठिकरे उडत आणि पदातील एक तान तुटे. तिसऱ्या फाईलला आपले ‘सोमवारचे पान’ सापडत नव्हते, कारण ते दुसरीत राहिले होते. भरीस भर म्हणून, सॉफ्टवेअर तिसऱ्या फाईलची लांबीही भलतीच दाखवी. प्रत्येक चित्रासोबत वेळेचा शिक्का असतो. त्या फाईलचा पहिला शिक्का शून्याचा नव्हता, बेचाळिसाव्या मिनिटाचा होता, आणि सॉफ्टवेअरचा त्याने गोंधळ उडविला.

तेव्हा उपाय कोणता? तुकडे उचलण्याचा मोह सोडावा आणि तबकडी तिच्या अनुक्रमणिकेवरून वाचणाऱ्या साधनाच्या हाती द्यावी. आम्ही प्रथम संपूर्ण ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतला. तबकडीवरून थेट काम करू नये, कारण ड्राइव्ह मंद असतो आणि प्रत्येक फेरीत जुन्या तबकडीला उगाच त्रास. मग ‘हँडब्रेक’ नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर घेऊन त्यास एखादी फाईल नव्हे, तर तो सगळा फोल्डर दाखविला. ते आयएफओ वाचते, आत किती कार्यक्रम आहेत हे सांगते, आणि निवडलेला कार्यक्रम सांधे न दिसू देता एकसलग एमपी-४ फाईल म्हणून बाहेर काढते. आवाज एएसी पद्धतीत बदलून मिळतो. ती पद्धत बहुतेक सर्व सॉफ्टवेअरना समजते. एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. चित्रांचा वेग ‘कायम’ आणि २५ असा निवडावा. बदलता वेग ठेवला, तर संकलनात चित्र आणि आवाज यांची हळूहळू फारकत होते. ओठ आधी हलतात व शब्द मागाहून येतात. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी अमेरिकेहून पाठविलेल्या तबकड्या असतील, तर तेथील एनटीएससी पद्धतीत ओळी ४८० व वेग २९.९७ असतो. तेथे २५चा हट्ट धरू नये. मूळचा वेगच ठेवावा.

बहुतेक प्रसंगांना हँडब्रेक पुरेसे झाले. बाईंच्या पदासाठी मात्र आम्ही अधिक कष्ट घेतले. हँडब्रेक चित्र नव्याने दाबून लिहिते, आणि प्रत्येक वेळी दाबताना थोडे काही गळते. म्हणून ‘एफएफएमपेग’ या साधनाने, ज्याला खिडक्या-बटणे नाहीत व आज्ञा टंकूनच द्यावी लागते, पाचही व्हीओबी फायली क्रमाने एकामागे एक जोडून वाचल्या. त्यांतील आवाज कोणताही नवा संक्षेप न करता सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या मूळ मापाने उलगडून लिहिला, आणि चित्रे प्रत्येक स्वतंत्र राहील अशा संकलनयोग्य पद्धतीत उतरविली. फाईल मूळच्या कित्येक पट मोठी झाली. होऊ द्या म्हटले! चार मिनिटांचेच तर पद आहे.

चित्र आले, आवाज आला, तरी दोन खोडी उरल्याच होत्या. मुली फुगडी घालू लागल्या की त्यांच्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटत. डीव्हीडीतील बहुतेक चित्रीकरणात एका चित्राच्या विषम व सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे. जुन्या टीव्हीवर ते डोळ्यांना जाणवत नसे, परंतु संगणकाचा पडदा दोन्ही अर्धी एकदमच दाखवितो. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ हा पर्याय आहे, तो लावला की दाते जातात. दुसरी खोड अशी, की सगळीच मंडळी किंचित सडपातळ दिसत. आमचे शारीरिक शिक्षणाचे सर त्या चित्रात फारच देखणे दिसत होते, व त्यांनी ते तसेच ठेवावे असे सुचविलेही! परंतु डीव्हीडीचे बिंदू चौरस नसतात. ७२० बिंदूंची रुंदी चारास तीन या मापाच्या पडद्यावर ७६८ इतकी ताणून दाखवावयाची असते. सॉफ्टवेअरला ते सांगितले, आणि सर पूर्ववत् झाले.

सर्वच तबकड्या अशा वश झाल्या नाहीत. २००५ सालची एक तबकडी ड्राइव्हमध्ये घातली की नुसती घरघर करी. मऊ सुती कापडाने तिला मध्यापासून कडेकडे सरळ पुसले. गोल पुसू नये. तबकडीवरील नोंद मळसूत्री रेघेने गोल गेलेली असते, आणि त्या रेघेच्या बाजूने ओरखडा गेला तर सलग मजकूर जातो, आडवा गेला तर थोडथोडाच, जो तबकडीतील चुका सुधारण्याच्या व्यवस्थेने भरून निघतो. तरीही ती वाचेना. मग ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने काढण्याचा यत्न केला. ते अडलेल्या जागी हटून न बसता आधी चांगला भाग उचलते आणि मग अडलेल्या जागांकडे पुनःपुन्हा फिरते. रात्रभर चालविल्यावर दोन-तृतीयांश कार्यक्रम हाती आला. त्यातील बक्षीससमारंभ गेला तो गेलाच. आणखी एक तबकडी संगणकाला संपूर्ण कोरी दिसत होती. ती घरगुती रेकॉर्डरवर भरलेली असून शेवटी ‘फायनलाइझ’ म्हणजे मोहोरबंद करावयाची राहून गेली होती. ज्या माजी विद्यार्थ्याने ती भरली, त्याच्या घरी माळ्यावर तो रेकॉर्डर सुदैवाने अजून होता; त्यातच ती घालून मोहोरबंद केली आणि पंधरा वर्षांची कोरी तबकडी एका मिनिटात भरून गेली.

आमच्यातील एकाने बोलपटाच्या आरंभी एका गाजलेल्या मराठी चित्रपटाच्या डीव्हीडीतील दोन मिनिटे घालावीत अशी सूचना केली होती. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्यांना बहुधा कुलूप असते. ते संकलनात उघडत नाहीत, हा बिघाड नव्हे. ते हेतुपुरस्सर केलेले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५-अ प्रमाणे, हक्काचा भंग करण्यासाठी असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. ती सूचना आम्ही तेथेच सोडून दिली. आपल्याच संमेलनात इतके असताना उसन्या दोन मिनिटांची गरजही नव्हती.

संमेलनापूर्वी चार दिवस बाईंचे चिरंजीव शाळेत आले. संगणककक्षात त्यांना खुर्ची दिली आणि फाईल लावली. पेटीचा पहिला सूर आला, सांधा कोठे होता हे आम्हांलाही ओळखू येऊ नये अशी ती तान सलग निघून गेली. पद संपल्यावर ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “आईचा घसा त्या दिवशी बरा नव्हता. घरी याहून छान गायची.” आणि पुन्हा एकदा लावायला सांगितले.

त्यांनी पेनड्राइव्हवर एक प्रत नेली. एक प्रत शाळेच्या संगणकात आहे, एक मुख्याध्यापकांच्या खोलीतील स्वतंत्र हार्ड डिस्कवर, आणि मूळ तबकडी पाकिटासह पुन्हा ग्रंथालयाच्या कपाटात, परंतु आता वरच्या कोरड्या कप्प्यात ठेवली आहे. कपाटातील नऊ तबकड्या अजून उतरवावयाच्या आहेत. ज्या पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या घरी शाळेच्या कार्यक्रमांच्या तबकड्या असतील, त्यांनी त्या आणून द्याव्यात. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही संगणककक्षात असतो. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला जुना रेकॉर्डर असेल, त्यांनी तो मात्र रद्दीवाल्यास देण्यापूर्वी आम्हांस एकदा विचारावे.